चौथं नाव

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनी पुढं सरका. सतरंजी देवाची आहे, सगळ्यांना पुरते. हातातले मोबाईल उपडे ठेवा, कारण गोष्ट त्यांच्याच भावकीतली आहे. राजा नाही, राक्षस नाही. एक आंधळी बाई आहे, एक बोलणारा डबा आहे, आणि दोघांच्या मध्ये दिवसभर तडमडलेली डोळस माणसं आहेत. ऐका तर.

बाईचं नाव भामाबाई. भवानीनगरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला, उसात बुडालेली एक वस्ती आहे. तिथं थोरल्या भावाच्या, आप्पांच्या घरी ती राहते. यांचे आजेपणजे मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत उतरायचे. आता घरात मेंढरू औषधाला सापडायचं नाही. अडीच एकर ऊस, चार गाई, आणि आप्पांचा मुलगा समर्थ बारामतीला कंपनीत. भामाबाई तीन वर्षांची असताना गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. आता ती साठीला आली. कुणी ‘बिचारी’ म्हटलं की ती म्हणते, “बिचारी तुमची म्हैस. मला काय झालंय?”

आणि कीर्तनाचं वेड! बारामतीचे श्रीपादबुवा एकदा भवानीनगरला रामनवमीच्या कीर्तनाला आले. बुवा कडवं म्हणायचे आणि मागचे साथीदार ध्रुपद उचलायचे. याला झील धरणं म्हणतात. त्या दिवशी बायकांच्या घोळक्यातून एक खणखणीत आवाज साथीदारांच्या आधी ध्रुपदावर येऊन उभा राहिला. बुवांनी निरूपण थांबवलं. “ही कोण बाई? इकडे आणा तिला. हिची जागा मागे उभं राहायची आहे.” त्या दिवसापासून बावीस वर्षं भामाबाई झांजा घेऊन बुवांच्या मागं उभी राहिली.

बुवा गेल्या मार्गशीर्षात गेले. आता वैशाखात नरसिंहपूरला नृसिंहजयंतीचं कीर्तन बुवांचा शिष्य अनिमेष करणार होता. त्यानं फोन केला. “आत्या, जन्माच्या वेळचं ते पद बुवा वर्षातून एकदाच म्हणायचे. मला त्यांनी सगळं दिलं, तेवढं राहिलं. यंदा तुम्ही म्हणा.”

भामाबाईनं हो म्हटलं, फोन ठेवला, आणि पद मनात म्हणून पाहिलं. तिला येत होतं ते फक्त ध्रुपद.

‘ये रे खांबातुनी, धाव रे नरहरी ।
बाळ तुझे उभे, एकले सामोरी ॥’

एवढंच. बावीस वर्षं एवढंच तिनं म्हटलं होतं. बुवा कडवं म्हणत असायचे तेव्हा तिचा सगळा जीव ते समेवर कधी उतरतात आणि आपण कधी उचलायचं यात असायचा. शब्द कानांवरून वाहून गेले. बुवांनी पद स्वतः रचलेलं, वहीत लिहिलेलं नाही. तीन कडवी होती, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं, कारण तिनं तीनदा ध्रुपद उचललं होतं.

आता तो डबा. बारामतीला अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचं एक लहानसं ग्रंथालय आहे. तिथून तो वर्षापूर्वी मिळालेला. साबणाच्या वडीएवढा, फोनसारखी आकड्यांची बटनं, बाणाची दोन बटनं, आणि पडदा मुळीच नाही. आतली बाई इंग्रजीत बोलते. भामाबाईला इंग्रजी येत नाही, पण डब्याचे तीस-चाळीस शब्द तिनं पाठ केले होते, गाईच्या हंबरण्यातला फरक कळतो तसे. पुस्तकं मात्र माणसांनी मराठीत वाचलेली. आतापर्यंत ती कार्डावर भरून यायची. नवी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवरूनच उतरवायची, आणि सभासदाच्या नावावर नोंदलेल्या डब्यातच.

मंगळवारी ग्रंथालयातल्या अश्लेषाचा फोन आला. ती पोरगीही जन्मापासून आंधळी. “आत्या, देव पावला तुम्हाला! बुवांच्या जुन्या कॅसेटी आमच्याकडे आल्यात. प्रह्लादाचं आख्यान, नरसिंहपूरचं, जन्माच्या पदासकट! एका वेळी एकालाच मिळतं, आणि तुमची बारी आलीय. उद्या संध्याकाळी सहापर्यंत उतरवून घ्या. नाहीतर पुढच्या सभासदाला जाईल, मग पंधरा दिवस विसरा.”

जयंती होती रविवारी.

वस्तीवर मोबाईलवर बोलता येतं, तेही दारात उभं राहिल्यावर. इंटरनेटला रेंज म्हणाल तर पत्र्यावर चढलं तरी गोगलगाय. म्हणून तर समर्थनं आठ दिवसांपूर्वी वायफाय बसवून घेतलं होतं. बुधवारी सकाळी पाळीवर जायच्या आधी तो डबा जोडून देणार होता. “आत्या, दोन मिनटांचं काम हाय,” तो म्हणाला.

नऊ वाजता दोन मिनिटं सुरू झाली.

“स्क्रीन कुठाय ह्याला?”

“न्हाय त्याला.”

“न्हाय? मग बघायचं कुठं?”

“ऐकायचं, बाबा. दे हिकडं, मी करते.”

“थांब ग, मला कळंल. तू बस.”

डबा म्हणाला, “वायफाय. सर्चिंग.” समर्थ म्हणाला, “शोधतंय, शोधतंय!” आप्पा ओट्यावरून म्हणाले, “काय शोधतंय?” सुकन्या, समर्थची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, “अवं, च्या झालाय, घ्या की!” आणि मिक्सर सुरू झाला. या सगळ्याच्या खाली डबा काहीतरी बोलून गेला. समर्थनं बाणाचं बटन दाबलं. डब्याची बाई म्हणाली, “जगताप ऑनलाईन.” पुन्हा दाबलं. “किंग मेकर.” पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. “डोन्ट टच.”

“हे आपलं न्हाय,” समर्थ म्हणाला. “जगतापांचं हाय, वरच्या वस्तीचं हाय, आन् त्या टग्या सौरभचं हाय. आपलं कुठाय?”

“आपलं घरात हाय की,” आप्पा म्हणाले. “तिकडं शोकेसात. निळा दिवा लागलाय.”

“आप्पा, दिवा मलाबी दिसतोय!”

“मग त्याला दाखीव की डबा. जवळ नेऊन धर. वासराला गाय दाखवावी लागती.”

समर्थनं खरोखरच डबा नेऊन वायफायच्या यंत्राला टेकवला. डबा म्हणाला, “जगताप ऑनलाईन.”

भामाबाईचे हात मांडीवर वळवळत होते. तिचा डबा, आणि तो सकाळपासून तिच्या हाताला लागला नव्हता. माणसं असंच करतात. आंधळ्याची वस्तू बिघडली की आधी ती त्याच्या हातातून काढून घेतात. ताट वाढलं की ‘हितं हाय, हितं’ म्हणतात. ‘हितं’ म्हणजे कुठं, ते बोटाला कसं कळावं? साठ वर्षं ती ‘हितं’ ऐकत आली होती.

“समर्थ, जरा गप ऱ्हाऊन ऐकशील का? ती बया काय म्हणती त्ये तरी—”

“आत्या, ऐकून काय व्हणार? माझ्या फोनवर दिसतंय बघ, फुल्ल हाय!”

“बघते हं,” भामाबाई म्हणाली.

समर्थ वरमला, पण क्षणभरच. अकरा वाजता त्यानं वायफायवाल्यांना फोन लावला. तिकडून सांगितलं, यंत्र बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा. केलं. बारा वाजता पुन्हा लावला. तिकडून सांगितलं, बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. आप्पा म्हणाले, “शिकलेल्यांची इद्या बघ. आमच्या येळंला मोटार बंद पडली तर आमीबी हेच करायचो, पर त्याचा पगार घेत न्हवतो.”

एक वाजता समर्थनं डबा बाजेवर टाकला. टाकलाच, भामाबाईनं आवाज ऐकला. “डब्यातच फॉल्ट हाय. माझा फोन चालतो, सुकन्याचा चालतो, टीव्ही चालतो. ह्यो एकटाच कसा चालत न्हाय? जुनाट माल दिलाय तुला. जाऊ दे आत्या, रविवारी ध्रुपदच म्हण दोन-चार बारी. लोकांना काय कळतंय?”

तो असेपर्यंत भामाबाई काही बोलली असती तर तोंडातून वाईट निघालं असतं, आणि पोरगा पाळीवर निघाला होता. गाडीचा आवाज उसाच्या पलीकडं विरला. आता रात्री अकरापर्यंत त्याचा फोन लागणार नव्हता; कंपनीच्या फाटकावर मोबाईल काढून ठेवावे लागतात.

ती माजघरात एकटी बसून राहिली, पार चार वाजेपर्यंत. म्हणे लोकांना काय कळतंय! दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर देव खांबातून येतो, त्याला हाक मारायची, आणि हाकेचे शब्दच नाहीत. खरं सांगू? तिला बुवांचाही राग आला. रचलं ते लिहून ठेवलं असतं तर हात झिजला असता का? आणि स्वतःचा तर जास्तच. बावीस वर्षं पाठीमागं उभी होतीस, भामे. काय ऐकत होतीस?

तिनं डबा चाचपडून हातात घेतला. फेकून द्यावा असं वाटलं. अंगठा सवयीनं बटनावर गेला.

“वायफाय. सर्चिंग.”

आता घर गप होतं. आप्पा गोठ्यात, सुकन्या धुणं घेऊन कालव्याला. मिक्सर नाही, टीव्ही नाही.

“फोर नेटवर्क्स फाउंड.”

भामाबाईची मान वर झाली. फोर म्हणजे चार; पुस्तकांची यादी डबा अशीच मोजून सांगायचा. तिनं बाण दाबला. “जगताप ऑनलाईन.” एक. “किंग मेकर.” दोन. बाण दाबला. बारीक टिक झाली आणि काहीच नाही. समर्थचं बोट इथं लगेच पुन्हा दाबत होतं, बाई बोलली नाही म्हणून. भामाबाई थांबली. झील धरणाऱ्याला मोकळ्या जागेत घाईनं शिरायची भीती असते. चुकून आधी उचललं की बुवा मागं वळून बघायचे. तिनं दहा मोजले. काहीच नाही. मग बाण दाबला. “डोन्ट टच.”

चार म्हणाली, आणि नावं तीनच.

ती धडपडत दारात आली आणि अश्लेषाला फोन लावला. “अश्लेषा, माझी बया चार म्हणती आन् तीनच नावं घेती. तिसऱ्या जागी नुसती टिक वाजती. मुकी झाल्यागत.”

“आत्या, तुमच्या वायफायचं नाव काय ठेवलंय?”

“मला काय ठावं? आप्पा! ओ आप्पा! वायफायचं नाव काय ठेवलंय?”

गोठ्यातून आप्पांचा अभिमानी आवाज आला. “नाव? आपल्या घरात कशाचं काय नाव असतंय? श्री नृसिंह प्रसन्न! ट्रॅक्टरवर त्येच, मोटारीच्या पेटीवर त्येच, फ्रिजवर त्येच. त्यो जोडणारा गडी म्हणत हुता इंग्रजीत ठेवा. मी म्हणलं, घरात नवी वस्तू आली तर पैलं देवाचं नाव, आन् त्येबी आपल्या अक्षरांत, दोन्ही बाजूला दोन-दोन दंड दिऊन. सुनबाईनं त्याच्या फोनवर लिहून दिलं.”

अश्लेषा फोनवर हसायला लागली, आणि मग हसणं आवरून म्हणाली, “आत्या, डब्यातल्या बाईला फक्त इंग्रजी अक्षरं येतात. आपली अक्षरं आली की ती गप्प बसते. ती मुकी जागा तुमचंच घर आहे. तिथं थांबा आणि मधलं बटन दाबा.”

भामाबाईनं कपाळाला हात लावला. सकाळपासून देव यादीत बसला होता आणि त्याच्यावरून माणसं ढेंगा टाकून जात होती!

तिनं बाण दोनदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, टिक झाली, मधलं बटन दाबलं. “एंटर पासवर्ड.”

पाच वाजायला दहा मिनिटं होती. पासवर्ड समर्थला माहीत, आणि समर्थचा फोन फाटकावर. भामाबाई दारातच डबा घेऊन बसली. एवढ्यात धुण्याची बादली ओट्यावर टेकली.

“काय झालं आत्याबाई?”

“पासवर्ड मागतीय बया. समर्थ अकराला येणार.”

“त्यांना कशाला विचारायला पायजे? पासवर्ड मीच टाकलाय त्या दिवशी. हे रानात गेलते.”

“अग मग सकाळपासनं बोलली का न्हाईस?”

“मला कुणी विचारलं?” सुकन्या म्हणाली. “सकाळपासनं च्या टाक, च्या टाक. सहा बारी च्या टाकला.”

पासवर्ड होता इंग्रजीतला ‘प्रह्लाद’ आणि पुढं एक हजार आठ. पण डब्यावर अक्षरं नसतात, आकड्यांची बटनं असतात. एकेका बटनात तीन-चार अक्षरं कोंबलेली, कितीदा दाबाल त्यावर अक्षर ठरतं. सुकन्यानं डबा मागितला नाही. ती शेजारी बसली आणि सांगायला लागली. पहिली दोन्ही अक्षरं सातच्याच बटनात. एकदा दाबलं की पहिलं, तीनदा दाबलं की दुसरं. भामाबाईनं दाबलं एक, तीन. डब्याला ते सलग चार वाटले आणि भलतंच अक्षर पडलं. डबा कुठलं अक्षर पडलं तेही सांगत नव्हता. चोरानं ऐकू नये म्हणून प्रत्येकाला ‘स्टार’ म्हणत होता. शेवटी म्हणाला, “फेल्ड.”

“मेली फेल्ड!” भामाबाई ओरडली.

पुन्हा केलं. “फेल्ड.” तिसऱ्यांदा मधेच आप्पा म्हणाले, “झालं का?” आणि दोघी चुकल्या. “आप्पा, गाईकडं जावा!” भामाबाई अशी गरजली की गाय हंबरली. साडेपाच झाले.

“सुकन्या, अक्षरं नको सांगूस. मला नुसतं आकडं सांग, आन् थांबायचं कुठं त्ये सांग. सगळं एकदम.”

सुकन्यानं सांगितलं. भामाबाईनं डबा मांडीवर ठेवला आणि आधी तोंडानं म्हणून पाहिलं, तबलजी वाजवायच्या आधी बोल म्हणून बघतो तसं, टाळीवर: “सात. — सात-सात-सात. — दोन. — चार-चार. — पाच-पाच-पाच. — दोन. — तीन.” पहिल्या सातनंतर पुरी एक टाळी रिकामी. मग आकडे, बटन दाबून धरायचे: एक, शून्य, शून्य, आठ. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा बोटांनी वाजवलं. अकरा स्टार. मधलं बटन.

डबा विचार करत बसला. सुकन्याच्या ओल्या बांगड्या तिच्या दंडाला लागल्या होत्या.

“कनेक्टेड.”

पावणेसहाला पुस्तक उतरायला लागलं. डबा टक्के मोजत होता आणि भामाबाई ते नामस्मरणासारखे मागं मागं म्हणत होती. सहाला तीन मिनिटं असताना शंभर झाले.

ऐकायला दोघी ओट्यावर बसल्या. आधी खरखर. मग एका बाईचा हळू आवाज, कुणी ऐकेल या भीतीनं कुजबुजल्यासारखा: “नरसिंहपूर. नृसिंहजयंती.” मग झांजा, पेटी, आणि बुवा. जिवंत, कफ साफ करणारे बुवा! भामाबाईनं पदर तोंडात कोंबला. पुढं पद आलं. ध्रुपद, आणि पहिलं कडवं:

‘दिवस मावळेना, रात उगवेना ।
उंबऱ्याशी थांबे, काळ घडीभरी ॥’

मग दुसरं. ती डबा थांबवत होती, म्हणत होती, पुढं जात होती. मग बुवांनी तिसरं उचललं: ‘कडाडला खांब, आणि...’

खट्ट.

खरखर. कुठंतरी बांगड्या वाजल्या. आणि एकदम ध्रुपद, खणखणीत, तिच्याच आवाजात. वीस वर्षांपूर्वीची भामाबाई पोटभर गात होती: ‘ये रे खांबातुनी!’

कॅसेटची बाजू संपली होती आणि उलटवताना कडवं गेलं होतं. जे हवं होतं ते गेलं, आणि जे येतच होतं ते कान फाटेस्तोवर वाजत होतं. भामाबाईनं मागं नेऊन चारदा ऐकलं. चारही वेळा खट्ट. “कोण ग ही टवळी?” तिनं अश्लेषाला फोनवर विचारलं. “जरा आधी उलटवली असती तर हिचं काय जात हुतं?”

“त्या यशोदाकाकू, आत्या. बुवांच्या मंडळी. दोन वर्षांपूर्वी गेल्या, त्यांच्या ट्रंकेत कॅसेटी सापडल्या. बुवांना ध्वनिमुद्रण आवडायचं नाही, म्हणायचे कीर्तन हवेत विरलं पाहिजे. म्हणून काकू बायकांत बसून पदराखाली यंत्र चालवायच्या. अंदाजानं, पदराखालीच उलटवायच्या. बांगड्या एका हातानं धरून.”

भामाबाईनं मांडीवरच्या डब्यावर पदर ओढला. मग म्हणाली, “म्हणजे तिलाबी दिसत न्हवतं.”

रविवारी नरसिंहपूरला, नद्यांच्या संगमावर ऊन उतरलं तेव्हा मंडप भरला होता. भामाबाई या वेळी पुढं उभी राहिली. दोन कडवी म्हटली, तिसऱ्याची अर्धी ओळ म्हटली, आणि तिथंच ध्रुपदावर आली. अनिमेषनं मागून झील धरली. गुलाल उडाला, घंटा वाजल्या, कुणाला काही उणं वाटलं नाही. भामाबाईला वाटलं. घरी येताना गाडीत ती दातओठ खात होती, “कडाडला खांब, आन् काय? आन् काय, बुवा?” अजूनही, गाईला वैरण टाकताना मधेच तेवढं म्हणते आणि रागानं वैरणीची पाटी आपटते.

तर मंडळी, पुढच्या जयंतीला नरसिंहपूरला गेलात, दर्शन झालं, अंगारा लावून झाला, की जन्माच्या कीर्तनाला मागं बायकांच्या घोळक्याकडं तोंड करून क्षणभर उभे राहा, आणि यशोदाबाईंची आठवण काढा. नवऱ्याच्या नकळत, न बघता, जेवढं हाताला लागलं तेवढं तिनं आपल्यासाठी धरून ठेवलं. तेवढी आठवण ठेवा तिची.